पत्रपेटीची किल्ली : मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ई-मेल सेवेची निवड

दहावीचा निकाल लागला की वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास गुणपत्रिकेच्या पाठोपाठ आणखी एका गोष्टीची गरज भासते, ती म्हणजे ई-मेलच्या पत्त्याची. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, पुढे स्पर्धा परीक्षेची नोंदणी, हे सारे त्या पत्त्यावाचून अडते. बहुतेकांचा हा पहिला पत्ता तालुक्याच्या ठिकाणी, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एखाद्या दुकानात, मागे रांग उभी असताना पाच मिनिटांत तयार होतो. पासवर्ड दुकानदार ठरवतो. बहुधा तो विद्यार्थ्याच्या नावापुढे १२३ असा असतो. खाते परत मिळविण्यासाठी द्यावयाचा मोबाइल क्रमांकही पुष्कळदा त्याचाच असतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नव्हे. परंतु त्या पत्रपेटीत पुढील दहा वर्षांत जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, आधारपत्राची प्रत आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान साठत जाते. शिवाय इतर कोणत्याही संकेतस्थळाचा पासवर्ड विसरला, तर नव्या पासवर्डचा दुवा याच पेटीत येतो. म्हणजे ज्याच्या हाती ही पेटी, त्याच्या हाती बाकीच्या पेट्याही.

प्रस्तुत लेखात ही पेटी कोणाकडे ठेवावी, आणि ते ठरवताना काय तपासावे, याचा विचार करावयाचा आहे. लेख संगणकतज्ज्ञांसाठी नाही. आपल्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेले माजी विद्यार्थी, शिक्षक आणि बारावीच्या उंबरठ्यावरील मुले-मुली नजरेसमोर ठेवून तो लिहिला आहे.

ई-पत्राचा प्रवास

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र पाठविण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये केला. व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'ॲट' हे चिन्ह ठेवण्याची कल्पना त्याचीच. पत्रे एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कशी सोपवायची, याचे नियम १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध झाले आणि काही सुधारणांसह ते आजही चालू आहेत. हे नियम कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. म्हणूनच एका सेवेचा ग्राहक दुसऱ्या सेवेच्या ग्राहकास पत्र लिहू शकतो. व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामला निरोप जात नाही. ई-मेलमध्ये मात्र सेवा बदलली तरी जगाशी संबंध तुटत नाही. निवडीचे स्वातंत्र्य मुळात आहे ते या नियमांमुळे, आणि आपण ते फारसे वापरत नाही.

हे नियम आखले गेले तेव्हा जाळ्यावरील माणसे मोजकी व परस्परांना ओळखणारी होती. त्यामुळे पत्र झाकण्याची सोय त्यांत ठेवलेली नव्हती. साधे ई-पत्र हे आंतरदेशीय पत्रापेक्षा पोस्टकार्डाच्या अधिक जवळचे आहे. आज बहुतेक सेवा दोन सर्व्हरांमधील वाट कूटलेखनाने झाकतात. पोस्टकार्ड बंद थैलीतून नेले जाते असे म्हणता येईल. पण थैली दोन्ही टोकांच्या कचेरीत उघडते. पाठविणाऱ्याची सेवा आणि घेणाऱ्याची सेवा, या दोहोंना मजकूर वाचता येतो. आणि पोस्टकार्ड वाटून झाले की पोस्टाकडे उरत नाही, ई-पत्राची प्रत मात्र त्यांच्याकडे वर्षानुवर्षे राहते.

फुकट आणि मुक्त

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल जाहीर केले, तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. हॉटमेल २ एमबी जागा देत असताना ही सेवा फुकट १ जीबी देऊ करीत होती. त्या उदारतेचे मोल असे होते की, पत्रातील शब्द यंत्राद्वारे वाचून त्यांना अनुरूप जाहिराती शेजारी दाखविल्या जाणार होत्या. त्याच महिन्यात ३१ संघटनांनी पत्र लिहून ही सेवा थांबविण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही. जाहिरातींसाठी पत्रांचा मजकूर तपासणे बंद करीत असल्याचे गूगलने जाहीर केले ते जून २०१७ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. जाहिराती आजही दिसतात, आणि पत्रांची यांत्रिक छाननी इतर सोयींसाठी चालूच आहे. येथे न्यायाने हेही नोंदविले पाहिजे की चोरट्यांपासून खाते सांभाळण्यात ही सेवा वाकबगार आहे. प्रश्न आहे तो वेगळा. ज्या सेवेचा खर्च जाहिरातदार देतो, तिचा खरा ग्राहक जाहिरातदारच असतो. पत्रे न वाचण्याचा निर्णय कंपनीने स्वतःहून घेतला. तो बदलायचा झाला तर आपला त्यात हात नसेल.

येथे 'मुक्त सॉफ्टवेअर' ही संकल्पना समजून घ्यावी लागते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ निघत असल्याने त्यांना आयुष्यभर खुलासे करावे लागले. मराठीची याबाबतीत श्रीमंती अशी की आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' हे शब्दच वेगळे आहेत. घोटाळ्यास जागा नाही. जीमेल फुकट आहे, मुक्त नाही. उलट, पैसे घेऊन दिलेले सॉफ्टवेअरही मुक्त असू शकते.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्यात वापरणाऱ्यास चार स्वातंत्र्ये आहेत असे सॉफ्टवेअर. ते कोणत्याही हेतूने चालविण्याचे. ते कसे चालते याचा अभ्यास करून त्यात बदल करण्याचे. त्याच्या प्रती इतरांना देण्याचे. आणि स्वतः सुधारलेल्या प्रतीही वाटण्याचे. दुसऱ्या आणि चौथ्या स्वातंत्र्यासाठी प्रोग्रामची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, सर्वांस उपलब्ध असावी लागते. आपण स्वतः ती वाचू शकत नाही, मग तिचा उपयोग काय, अशी शंका कोणी काढील. संस्थेचा वार्षिक ताळेबंद प्रसिद्ध होतो तेव्हा तोही प्रत्येक सभासद वाचत नाही. पण जो वाचू शकतो त्याला तो वाचता येतो, आणि ही जाणीव लिहिणाऱ्यास असते, यातच त्याचे अर्धे काम होते.

ई-मेलच्या जगात मुक्त सॉफ्टवेअर दुर्मीळ नाही. पत्रे पोचविणारा पोस्टफिक्स, पेट्या सांभाळणारा डोव्हकॉट आणि ब्राउझरमध्ये पेटी उघडून दाखविणारा राउंडक्यूब हे तिन्ही प्रोग्राम मुक्त आहेत. ज्यास अंगमेहनतीची तयारी आहे तो यांच्या आधारे स्वतःचा सर्व्हरही उभारू शकतो. मात्र नव्या सर्व्हरवरून आलेली पत्रे मोठ्या सेवा अनेकदा संशयाने बाजूला टाकतात, त्यामुळे हा मार्ग नवख्यास सुचवावा असा नाही.

एक मर्यादा मात्र नीट ध्यानी घ्यावी. सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात असतो. त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामची संहिता प्रसिद्ध असली, तरी प्रत्यक्षात तोच प्रोग्राम तेथे चालू आहे याची खातरजमा आपण घरबसल्या करू शकत नाही. आपल्या ताब्यातील यंत्र, म्हणजे आपला मोबाइल किंवा संगणक, त्यावर जे चालते त्याची गोष्ट निराळी. शिवाय ब्राउझरमध्ये पेटी उघडतो तेव्हा प्रत्येक वेळी सेवेकडून जावास्क्रिप्टचा एक प्रोग्राम नव्याने येतो आणि आपल्या नकळत चालतो. आज आलेला आणि काल आलेला एकच होता की नाही, कोण पाहणार? म्हणून माझ्या मते सेवा कोणतीही असो, तिची पत्रे आपल्या यंत्रावर बसविलेल्या मुक्त प्रोग्राममधून वाचता येतात का, ही पहिली कसोटी धरावी. संगणकासाठी थंडरबर्ड आहे. अँड्रॉइड मोबाइलसाठी के-नाइन मेल या जुन्या मुक्त ॲपच्या पायावर थंडरबर्डचीच आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाली. या प्रोग्रामांशी बोलण्यासाठी सेवेने 'आयमॅप' हा खुला नियम पाळलेला असावा लागतो. आयमॅप असेल तर सारी पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घेता येतात आणि सेवा सोडताना पेटी मागे राहत नाही.

किल्ली कोठे असते

२०१३ च्या उन्हाळ्यात एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकन सरकारच्या पाळतीची कागदपत्रे उघड केली. ते लॅव्हाबिट नावाच्या एका लहान सेवेचा पत्ता वापरीत होते. सुमारे चार लाख लोकांची पत्रे सांभाळणारी ही सेवा लाडार लेव्हिसन हे गृहस्थ चालवीत. सरकारने त्यांच्याकडे सेवेची मुख्य कूटकिल्ली मागितली. एका खात्यासाठी मागितलेली ती किल्ली सर्वांचीच वाहतूक उघडी करणारी होती. लेव्हिसन यांनी ती अकरा पानांवर, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा बारीक अक्षरांत छापून दिली. न्यायालयाने ती यंत्राला वाचता येईल अशा रूपात देण्याचा आदेश दिला आणि विलंबाबद्दल दररोज ५,००० डॉलर दंड ठोठावला. ८ ऑगस्ट २०१३ रोजी लेव्हिसन यांनी सेवाच बंद केली. त्यांच्या धैर्याविषयी आदर बाळगूनही अभ्यासकाने यातून एक तांत्रिक गोष्ट टिपली पाहिजे: मालकाजवळ सर्वांची पेटी उघडणारी किल्ली असेल, तर मालकाच्या सज्जनपणाला त्या किल्लीइतकाच अर्थ उरतो. आणि सेवा एका रात्रीत बंद झाली तेव्हा चार लाख लोकांचे पत्तेही गेले.

यावरचा उपाय तत्त्वतः जुना आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये 'पीजीपी' हा प्रोग्राम लोकांसाठी खुला केला. त्यात प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असते. एक सर्वांना वाटायची. तिने कोणीही आपल्यासाठी पत्र कुलूपबंद करावे. दुसरी आपल्याचपाशी, तिच्याविना ते उघडत नाही. कूटलेखन त्या काळी अमेरिकेत शस्त्रासारखे निर्यातबंदीच्या यादीत असल्याने झिमरमन यांची तीन वर्षे चौकशी झाली व १९९६ च्या जानेवारीत ती सोडून देण्यात आली. पुढे हीच पद्धत 'ओपनपीजीपी' या खुल्या मानकात बांधली गेली, आणि जर्मनीच्या वेर्नर कोख यांनी 'ग्नूपीजी' हा तिचा मुक्त अवतार घडविला. थंडरबर्डमध्ये ही सोय आता अंगभूत आहे. तथापि तिला तीन मर्यादा आहेत. दोन्ही बाजूंनी ती वापरावी लागते. पत्राचा विषय, पाठविणारा, घेणारा आणि वेळ सामान्यतः उघडेच राहतात. आणि आपली किल्ली हरवली, तर जुनी पत्रे कायमची बंद होतात.

कायद्याचे कुंपण

पत्राची गोपनीयता हा प्रश्न आपल्या संविधानाच्या जन्मकाळापासूनचा आहे. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात, व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांच्या अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणारे कलम होते. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यात तर पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क स्पष्ट शब्दांत होता. अंतिम संविधानात हे हक्क स्वतंत्रपणे आले नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेव्हा या मसुद्यांचाही ऊहापोह झाला. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करणारी तरतूद आहे. शाळांनी हा अधिनियम वाचावाच.

परदेशातील सेवा घेतली म्हणजे कायद्याच्या पलीकडे गेलो, अशी समजूत चुकीची आहे. बर्लिनच्या पोस्टेओ या सेवेने ग्राहकांचा आयपी क्रमांक, म्हणजे जाळ्यावरील जोडणीचा पत्ता, साठवायचाच नाही अशी रचना केली होती. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २० डिसेंबर २०१८ च्या निर्णयात ठरविले की कायदेशीर आदेश आल्यास तो देण्याची व्यवस्था सेवेने केलीच पाहिजे. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन मेलला तेथील अधिकाऱ्यांच्या आदेशावरून एका फ्रेंच हवामान कार्यकर्त्याचा आयपी क्रमांक नोंदवून द्यावा लागला; पत्रांचा मजकूर मात्र देता आला नाही, कारण तो उघडणारी किल्ली त्यांच्यापाशी नव्हती. या दोन प्रकरणांतील फरक शिक्षकांनी वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा इतका बोधक आहे. जे साठवलेले असते ते मागता येते, आणि जे साठवलेले नाही ते यापुढे साठवायला लावता येते. पण जे कुलूपबंद साठवले आहे ते उघडून देता येत नाही.

काही प्रत्यक्ष सेवा

पोस्टेओ २००९ पासून चालू आहे. महिना एक युरो, म्हणजे आपले साधारण शंभर रुपये, एवढ्यावर ती चालते; जाहिरात नाही, खाते उघडताना नावही विचारीत नाहीत. ब्राउझरमधील पेटी राउंडक्यूबवर आधारलेली असून आयमॅपही आहे. तिची उणीव एकच, पण महत्त्वाची: स्वतःचे डोमेन तेथे जोडता येत नाही. ते हवे असेल तर बर्लिनचीच मेलबॉक्स डॉट ऑर्ग ही सेवा पाहावी. दोन्हींसाठी परदेशी व्यवहारास खुले असलेले कार्ड किंवा तत्सम सोय लागते, आणि आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांची अडचण नेमकी तेथेच आहे.

पैशांविना मिळणाऱ्या सेवांत जर्मनीतील हानोव्हरची टूटा ही विचारात घेण्याजोगी आहे. नाव मराठी कानास मोडकेतोडके वाटेल. पूर्वीच्या टूटानोटा या नावाचे ते संक्षिप्त रूप असून लॅटिन भाषेत त्याचा आशय 'सुरक्षित संदेश' असा आहे. मोबाइल व संगणकावरील तिचे ॲप मुक्त आहे, १ जीबी जागा फुकट मिळते, आणि ती पेटीतील पत्रांचा विषयसुद्धा कुलूपबंद करते. उलट, आयमॅप नाही. त्यामुळे थंडरबर्डातून ती वापरता येत नाही. फुकट खाते सहा महिने उघडले नाही तर ते काढून टाकले जाते, ही अट परीक्षांच्या धामधुमीत विसरण्याजोगी नाही. प्रोटॉन मेलची ॲपेही मुक्त आहेत. तिची पत्रे थंडरबर्डमध्ये आणण्याची सोय मात्र पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. दोघांच्याही सर्व्हरवरील प्रोग्राम प्रसिद्ध नाही.

ॲमस्टरडॅमची डिसरूट ही सेवा स्वयंसेवक देणग्यांवर चालवितात. मुक्त सॉफ्टवेअर, आयमॅप, जाहिरात नाही, शुल्क नाही. खात्यासाठी केलेला अर्ज माणसे वाचून मंजूर करतात. तत्त्वाच्या दृष्टीने ती सर्वांत जवळची, पण बँकेसारख्या कामासाठी तिच्या एकट्यावर विसंबण्यापूर्वी तिच्या लहान आकाराचा विचार करावा. भारतीय सेवा म्हणून झोहोचे नाव घेतले जाते. चेन्नईच्या या कंपनीची मेलसेवा जाहिराती दाखवीत नाही, हे तिचे भूषणच होय. मात्र तिचे सॉफ्टवेअर मुक्त नाही. स्वदेशी आणि मुक्त या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. कोणास कोणती अधिक मोलाची, ते ज्याने त्याने ठरवावे.

विद्यार्थी आणि संस्था यांच्यासाठी

पत्ता एका झटक्यात बदलू नये. नवीन खाते स्वतःच्या हाताने उघडावे, पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा ठेवावा. टूटा किंवा प्रोटॉनसारख्या सेवा खाते उघडताना खाते परत मिळविण्याची सांकेतिक अक्षरे देतात. ती कागदावर लिहून गुणपत्रिकेच्या फाइलमध्ये ठेवावीत. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नयेत. टूटामध्ये पासवर्डही गेला आणि ती अक्षरेही गेली, तर खाते परत देणे कंपनीलाही शक्य नाही. कुलूप पक्के असण्याची ही दुसरी बाजू आहे. नंतर बँक, शिष्यवृत्ती, विद्यापीठ या क्रमाने नवा पत्ता नोंदवीत जावे आणि जुने खाते निदान वर्षभर चालू ठेवावे. ज्यांना जुनेच खाते वापरावयाचे आहे त्यांनीही आजच त्याचा पासवर्ड बदलून परतमिळकतीचा मोबाइल क्रमांक स्वतःचा किंवा आईवडिलांचा करून घ्यावा. सेवा कोणतीही असली तरी एवढे झालेच पाहिजे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

संस्थेच्या पातळीवर एक सूचना करावीशी वाटते. डोमेनचे नाव वर्षाकाठी काही शे ते हजार रुपयांत मिळते. संस्थेने स्वतःचे डोमेन घेऊन कार्यालय, अधीक्षक आणि शिक्षक यांचे पत्ते त्यावर काढले, तर मागील सेवा कितीदाही बदलली तरी पत्ता तोच राहील. आज अनेक शाळांचा पत्रव्यवहार एखाद्या लिपिकाच्या वैयक्तिक खात्यावर चालतो. तो निवृत्त झाला की मुलांच्या दाखल्यांसह पंधरा वर्षांची पत्रे त्याच्याबरोबर जातात. डोमेन मात्र संस्थेच्या नावे, विश्वस्तांच्या ठरावाने घ्यावे. नूतनीकरणाची तारीख वीजबिलाच्या नोंदवहीतच लिहावी, म्हणजे ती कोणाच्या एकट्याच्या स्मरणावर अवलंबून राहणार नाही.